गाडी बिघडलेली नव्हती

रेवा, अद्वैत,

मागच्या रविवारी फोनवर रेवाने मला एक प्रश्न विचारला. तुमची आई आत गेली होती आणि अद्वैत कॅमेऱ्यात अर्धाच दिसत होता. रेवा अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, आजोबांची गाडी खरंच बिघडलेली होती का? त्यांनी मला तसं सांगितलं होतं. मला ते खोटं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी मी त्यांना ती चालवताना बघितलं आणि कोणालाच सांगितलं नाही. म्हणून अपघात झाला का?"

मी म्हणाले, "नाही गं, तसं काही नाही," आणि कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त काढून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. एवढ्याशा मुलीने असा प्रश्न विचारावा आणि तिला असं उत्तर मिळावं हे बरं नाही. रेवा तिकडे ऑकलंडला रात्री काय विचार करत झोपत असेल, हे मनात आल्यापासून मला चैन नाही. म्हणून आता लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्हीच माझी समजूत काढत बसाल. कागदावर मी नीट बोलते.

एक सूचना. इथून पुढे "तुम्ही" म्हणजे तुम्ही दोघं नाही. इथून पुढे मी आजोबांशी बोलणार आहे. त्यांच्याविषयी लिहायला घेतलं की हात थांबतो, त्यांच्याशी बोलायला लागले की सुचतं. तुम्ही शेजारी बसून ऐका. मधे मधे मी त्यांच्यावर रागावेन. घाबरू नका, ते मला सवयीचं आहे आणि त्यांनाही होतं.

अहो,

तुमच्या गाडीवर मी पहिल्यांदा बसले ती लग्नानंतर पंधरवड्याने, वैजापूरला तुमच्या मोठ्या बहिणीकडे, अक्कांकडे जायला. (मुलांनो, आपल्या घरात गाडी म्हणजे मोटारसायकल.) तुम्ही किक मारली, गाडी सुरू झाली आणि तुम्ही तसेच बसून राहिलात. मी तुमची वाट पाहते आहे, तुम्ही माझी. समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. शेवटी मान न वळवता तुम्ही विचारलंत, "बसलीस का?"

"हं."

"हं नाही. बसले म्हण."

"बसले."

तेव्हा कुठे गाडी हलली. मला वाटलं, झालं, हुकूम सोडणारा नवरा मिळाला. त्याचं कारण तुम्ही गंगापूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा सांगितलंत. "हं" माणूस कोणालाही म्हणतं. शेजारणीला म्हणतं, भाजीवालीला म्हणतं, स्वतःशीसुद्धा म्हणतं. "बसले" मात्र बसल्यावरच म्हणतं. तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या एका सहकाऱ्याने बायकोचं "हं" ऐकून क्लच सोडला होता. ती बिचारी फाटकातल्या बाईला "हं, येते" म्हणत होती आणि तिचा एक पाय अजून जमिनीवर होता. पुढे तिचं काय झालं, ते तुम्ही कधीच पुरतं सांगितलं नाहीत. चहाचा पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "चल, उन्हाच्या आत पोचू."

तो शब्द मग घराचाच झाला. तुमच्या मागे बसणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःच्या तोंडाने म्हणायचा. आपल्या मुग्धाने, म्हणजे या मुलांच्या आईने, तिच्या मैत्रिणींनी, उस्मानपुऱ्यातल्या शेजाऱ्यांच्या मुलांनी, साहेब असो की शिपाई असो. एकदा तुमचे कार्यकारी अभियंता मागे बसून "चला, चला" म्हणत राहिले आणि तुम्ही गाडी सोडली नाहीत. "साहेब, बसलो म्हणा." साहेबांनी म्हटलं. हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा मी कपाळाला हात लावला होता.

त्या पहिल्या फेरीत अक्कांनी माझी जी टर उडवली ती तुम्ही म्हातारपणापर्यंत पुरवून पुरवून वापरलीत. मी सहावारी साडीत, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, पदर मुठीत आवळून वैजापूरपर्यंत आले होते. दारात उतरले तर अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय गं मास्तरीणबाई, बाहुलीवानी एका अंगाला कलंडून आलीस व्हय एवढ्या लांब? एखादा गचका बसला असता म्हंजी?"

"बायका अशाच बसतात अक्का."

"कोन्त्या बायका? मी न्हाय बाई."

आणि संध्याकाळी बाजारात जायला त्या निघाल्या तेव्हा लुगड्याचा कासोटा घट्ट केला, पाय पलीकडे टाकला आणि घोड्यावर बसावं तशा तुमच्या मागे बसल्या. "बसले रं बाबा, हाण!" अख्खी गल्ली हसत होती. इंग्रजी शिकवणारी सुनबाई उंबऱ्यात उभी, आणि चौथी शिकलेल्या नणंदबाई दोन्हीकडे पाय टाकून बाजाराला!

तो वाद आपला वीस-बावीस वर्षं चालला. तुम्ही म्हणायचात, दोन्हीकडे पाय टाकून बस, एका बाजूला बसलेलं माणूस गाडीवर नसतंच, गाडीला टांगलेलं असतं. मी म्हणायची, शाळेतल्या मुली बघतात. तुम्ही म्हणायचात, बघू देत, त्याही तशा बसतील. मी ऐकलं नाही. तुम्हीही ऐकलं नाहीत, म्हणजे मला उतरवलं नाहीत, फक्त गाडी बैलगाडीसारखी चालवत राहिलात. सायकलवाले आपल्याला ओलांडून जायचे. पन्नाशीच्या आसपास मी पंजाबी ड्रेस घालायला लागले आणि एक दिवस मुकाट्याने पाय पलीकडे टाकला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुमची गाडी पळूही शकते.

मुलांच्या बाबतीत तुम्ही माझ्याहून कडक होतात, आणि शिक्षिका मी होते. तेव्हा सगळ्यांची मुलं पेट्रोलच्या टाकीवर बसायची, हँडलला हात लावून, केस उडवत. मुग्धाला तेच हवं होतं. तुम्ही म्हणालात, "टाकीवर बसवलेलं मूल म्हणजे आपण छातीपुढे धरलेली उशी. आपटलो तर आधी ते." हे तुम्ही शेजारच्या देशमुखांसमोर म्हणालात, आणि त्यांचा मुलगा त्याच वेळी त्यांच्या टाकीवर बसलेला होता. देशमुख दिवाळीपर्यंत आपल्याशी बोलले नाहीत.

तुमचा नियम एकच होता. मागे बसायचं, आणि पाय फुटरेस्टला पोचले की बसायचं. तोपर्यंत एसटी, रिक्षा, नाहीतर पायी. दर रविवारी मुग्धा उभ्या गाडीवर चढून पाय सोडायची आणि तुम्ही खाली वाकून बघायचात. "अजून बोटभर." एका रविवारी ती माझे टाचेचे सँडल घालून चढली. तुम्ही गंभीरपणे वाकलात, पाहिलंत, म्हणालात, "पोचले की! शाब्बास. आता चपला काढ." ती इतकी रडली की मी तुमच्याशी भांडले. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन गुलमंडीपर्यंत चालत कुल्फी खायला गेलात. परत येताना ती खांद्यावरच झोपली होती.

आणि तो अजिंठ्याचा दिवस. मुग्धाचे पाय नुकतेच पोचायला लागले होते. तुम्ही दोघं सकाळी लेणी पाहायला गेलात, दुपारी यायचं ठरलं होतं. दिवेलागण होऊन गेली तरी पत्ता नाही. तेव्हा कुठले मोबाईल! मी फाटकाशी उभी राहून जे काय काय मनात आणलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही आलात ते आरामात.

"कुठे होतात?"

"सिल्लोडच्या अलीकडे. ही पेंगायला लागली, म्हणून हॉटेलच्या बाकावर निजवली. उठेपर्यंत थांबलो."

"अहो, मग उठवायचं!"

"उठवलेलं मूल पुन्हा झोपतं. झोपलेलं माणूस सामान होतं. सामान दोरीनं बांधता येतं, माणूस बांधून नेत नाहीत."

मी ओरडले, एक निरोप तरी पाठवायचा. तुम्ही म्हणालात, "कोणाबरोबर? चहावाल्याबरोबर?" मी दोन दिवस अबोला धरला. आज वाटतं, ते दोन दिवस मला परत द्या. बोलून काढीन.

"अहो" या हाकेवरून आपण किती हसलो होतो आठवतं? क्रांती चौकात सिग्नलला उभे असताना मला वाटेत फुलं घ्यायची आठवण झाली. मी मागून "अहो!" म्हटलं, तर आजूबाजूच्या तीन गाड्यांवरचे तीन पुरुष वळून बघायला लागले. तुम्ही तेवढे वळला नाहीत. मी शेक्सपिअर शिकवलेली बाई, मुग्धाच्या शाळेच्या अर्जावर तुमचं नाव बिनदिक्कत लिहायची, पण हाक म्हणून ते नाव तोंडातून कधी आलं नाही. तुम्ही म्हणायचात, नावाने हाक मार, चौकात सोयीचं पडेल. मी म्हणायची, पुढच्या जन्मी.

आता मी त्या भागाकडे येते जो मला लिहायचा नाही.

आपल्या लग्नात मी एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोलले असेन. "हे माझं ऐकतच नाहीत." आईला सांगितलं, अक्कांना सांगितलं, मुग्धाला दर आठवड्याला फोनवर सांगितलं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकत नाहीत, गोड कमी करा म्हटलं तर ऐकत नाहीत. सगळे हसायचे, मीही हसायची. तुम्ही शेजारी बसून "हं" म्हणायचात. गेली तीन वर्षं तुम्ही टीव्ही मोठा लावायला लागलात, मी म्हटलं, ऐकत नाहीत. बेल वाजली तरी पेपरातून डोकं वर काढायचं नाही, मी म्हटलं, ऐकत नाहीत. मी काहीही विचारावं, तुमचं उत्तर "हं". जो माणूस गाडीवर कोणाचं "हं" चालवून घ्यायचा नाही, तो घरात "हं"वर जगायला लागला, आणि मी त्याला हट्टीपणा म्हणत राहिले.

त्याच काळातली गोष्ट. मी मागे बसले, "बसले" म्हटलं, तरी गाडी हलेना.

"पुन्हा म्हण."

"बसले हो!"

पाहते तर तुम्ही डावा आरसा फिरवून घेतला होता. त्यात रस्ता नव्हता, मी होते. मी म्हटलं, "आरशात माझं तोंड काय बघताय, रस्ता बघा." तुम्ही आरशातूनच हसलात आणि म्हणालात, "इतक्या वर्षांनी बघावंसं वाटलं."

अहो, मी ते वाक्य जपून ठेवलं होतं. सत्तरीला आलेल्या बाईला असं वाक्य मिळतं का? कोणाला सांगितलं नव्हतं मी ते. भाजी निवडताना आठवून एकटीच हसायची.

नंतर तुम्ही मला मागे घेणंच बंद केलंत, अक्कांनाही. "तू रिक्षाने ये. तुझे गुडघे दुखतात." गुडघे तर दहा वर्षं दुखत होते. लग्नकार्याला आपण एकाच घरातून निघायचो आणि दोन वाहनांनी जायचो. तुम्ही पुढे गाडीवर, मागे मी रिक्षात. समोर तुमची पाठ आणि मागची रिकामी सीट. मी रिक्षात बसून ती सीट बघत जायची. मुग्धाला म्हटलं, आता मी जड झाले तुझ्या बाबांना. ती म्हणाली, "आई, काहीतरीच काय." पण मला ते लागलं होतं, आणि मी तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं? "हं."

मग डिसेंबर आला आणि मुलं आली. दोन वर्षांपूर्वी रेवाचे पाय बोटभर कमी पडले होते, तेव्हा तुम्ही तिला शब्द दिला होता. पाय पोचले की पहिली चक्कर तिची. ती टॅक्सीतून उतरली ती तुम्हाला भेटायच्या आधी गाडीवर चढली. दोन्ही पाय फुटरेस्टवर. "आजोबा, बघा, पोचले!"

तुम्ही वाकून बघितलंत. सवयीने वाकलात. आणि मग तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं साखर उतरली. तुम्ही म्हणालात, "गाडी बिघडली आहे बाळा."

मी स्वयंपाकघरात तुम्हाला गाठलं. "एक चक्कर मारा की हो. कॉलनीतल्या कॉलनीत. पोरगी दोन वर्षं पाय मोजतेय."

"हं."

"हं काय? ऐकताय का मी काय म्हणते ते?"

"ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडीवरून दूध आणायला गेलात आणि रेवाने गॅलरीतून पाहिलं. नाश्त्याला ती तुमच्या समोर बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटं बोललात." तुम्ही हसलात आणि शेंगदाण्याच्या चटणीची वाटी तिच्याकडे सरकवलीत. ती ताडकन उठून गेली. तिला वाटलं, तुम्ही तिची थट्टा केलीत. मला वाटलं, हा माणूस किती कोडगा झाला आहे. खाली मान घातलेल्या मुलीचे ओठ तुम्हाला दिसले नव्हते. तुम्हाला वाटलं होतं, पोरगी चटणी मागते आहे.

जाताना विमानतळावर तिने तुम्हाला मिठी मारली नाही. तुम्ही हात पसरले, ती अद्वैतच्या मागे गेली. तुम्ही हात खिशात घातलेत.

आणि मग ती सकाळ. जालना रोडला उजवीकडे वळताना मागून टेम्पो आला. हेल्मेट होतं, त्याचा पट्टा लावलेला होता, गाडी हळूच होती. तुमचं सगळं नियमात होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात टेम्पोचा चालक जमिनीवर बसला होता, डोक्याला हात लावून. माझ्या मुग्धाच्या वयाचा असेल. वैजापूरकडचा, कांद्याच्या गोण्या घेऊन आलेला. मला बघून उठला, हात जोडले.

"मावशी, देवाशपथ सांगतो, लई हॉर्न दिला. लांबून देत आलो. काकांनी ऐकलंच नाय."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ते कोणाचंच ऐकत नाहीत."

बोलून झाल्यावर मी ते ऐकलं.

पाचवीच्या मुलींना मी दरवर्षी शिकवायची की इंग्रजीत हिअर वेगळं आणि लिसन वेगळं. एक कानाचं काम, एक मनाचं. मराठीतही "ऐकू येत नाही" असं वेगळं म्हणता येतं, नाही असं नाही. पण घरात कोण म्हणतं? घरात "ऐकत नाहीत" एवढंच म्हणतात, आणि त्यात दोन्ही बसतं. माझी तक्रार मनाची होती. तिच्याखाली कान केव्हा गेले ते झाकून गेलं. म्हणून मुलांनो, हे मला इंग्रजीत लिहिता आलं नाही. ही चूक त्या भाषेत होत नाही.

अतिदक्षता विभागातली नर्स भली होती. म्हणाली, "काकू, जवळ जा, नावाने हाक मारा. ऐकू येतं म्हणतात शेवटपर्यंत." मी "अहो" म्हटलं. ती म्हणाली, नावाने. मग मी तुमच्या कानाशी वाकून तुमचं नाव घेतलं. एकदा, दोनदा. मोठ्याने घेतलं, पलीकडच्या खाटेजवळचे लोक वळून बघायला लागले इतक्या मोठ्याने. तुमची पापणीसुद्धा हलली नाही. ती शुद्ध गेली म्हणून हलली नाही, की कानात काही पोचतच नव्हतं म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. जन्मभर न घेतलेलं नाव मी घेतलं, ते कोणालाच मिळालं नाही.

दहाव्याला अक्का आल्या. मी त्यांना टेम्पोवाल्याचं बोलणं सांगितलं. त्या लुगड्याच्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आमच्या बाबाचं तसंच झालं हुतं. पन्नाशीतच ठार बहिरा. गावातली पोरं समोर उभी राहून नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता. अन् बाबा 'हां हां' म्हनायचा. पोरं लोळायची हसून. ह्यो कोपऱ्यात उभा राहून बघायचा. ल्हान हुता."

म्हणून सांगितलं नाहीत का? असेल. नसेलही. तुम्ही जे सांगितलं नाही त्याचं कारण मी शोधून काढलं तरी ते माझंच कारण असणार, तुमचं नाही.

गाडी पोलीस स्टेशनातून परत आली. पुढचा दिवा फुटला आहे, उजवा आरसा गेला आहे. डावा तसाच आहे. मी फडक्याने तो पुसला आणि रस्त्याकडे वळवायला गेले तर हलेना. पान्याने आवळून पक्का केलेला होता. मी मागच्या सीटच्या बाजूला उभी राहिले, माझं डोकं जिथे यायचं तिथपर्यंत वाकले. आरशात माझे डोळे दिसले नाहीत, कपाळ दिसलं नाही. फक्त तोंड दिसलं. ओठ आणि हनुवटी.

तुम्ही मला बघत नव्हतात. तुम्ही "बसले" वाचत होतात.

ते एक वाक्य माझ्याजवळ उरलं होतं, तेही तुम्ही नेलंत. लोक म्हणतील, पण हेही प्रेमच नाही का? असेल. मला आत्ता ते पुरत नाही. मला ते दुसरं हवं होतं, म्हाताऱ्या बायकोला उगाच आरशात बघणाऱ्या माणसाचं. ते मी दोन वर्षं खरं मानलं, आणि ते खरं नव्हतं, किंवा किती खरं होतं हे सांगणारा माणूस राहिला नाही.

आणि मला तुमचा राग येतो. ओठही पुरेसे दिसेनात तेव्हा तुम्ही मला उतरवलंत, अक्कांना उतरवलंत, नातीला दिलेला शब्द मोडलात आणि तिच्या नजरेत खोटे ठरलात. एवढं सगळं केलंत. मग स्वतः का नाही उतरलात? इतक्या नियमांत चालवणाऱ्यासाठी एकही नियम नव्हता का? मागे माणूस असलं तर धोका, आणि पुढे तुम्ही, ते माणूस नव्हे? तो टेम्पोवाला आता आयुष्यभर हॉर्न ऐकत बसेल. एखादं मूल रस्ता ओलांडत असतं तर? कानाला मशीन मिळतं हो. कोपऱ्यावरच्या जोशीकाकांना आहे. मी एक दिवस हसले असते, कबूल करते, हसले असते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला घेऊन गेले असते, रिक्षाने.

पण मला सांगितलंच नाहीत. आणि मी रोज तुमच्याशी बोलत होते. सकाळचा पेपर, मुग्धाचा फोन, माझे गुडघे, डिसेंबरची तयारी. तीन वर्षांतलं त्यातलं किती पोचलं? मी कोणाशी बोलत होते? घर आता शांत आहे असं भेटायला येणारे म्हणतात. मला रोज वाटतं, ते तेव्हाही शांतच होतं, फक्त तुमच्या बाजूने, आणि तुम्ही त्यात एकटे होतात. मी हाताच्या अंतरावर बसलेली असताना एकटे होतात. याला मी काय करू, ते मला समजत नाही. सकाळी उठते, अंथरुणाच्या घड्या घालते, कपाट आवरते. आवरून झालेलं पुन्हा आवरते.

रेवा, आता तुझ्याशी.

गाडी बिघडलेली नव्हती. ब्रेक चांगले होते, चाकं चांगली होती. तू कोणाला सांगितलं असतंस तर त्यांनी गाडी तपासली असती, आणि तिच्यात काहीही सापडलं नसतं. तुझ्याकडून काही राहिलं नाही. आजोबा खोटं बोलले हे खरं आहे, तू बरोबर ओळखलंस. तू मागे बसून "बसले" म्हटलेलं त्यांना ऐकू आलं नसतं, आणि ते ऐकू आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला नेलं नव्हतं. हे तुला सांगायची त्यांना लाज वाटली. त्याऐवजी त्यांनी तुझा राग घेतला. नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी तुझी थट्टा केली नाही. त्यांना तू काय म्हणालीस ते कळलं नव्हतं. तुझ्या मिठीची त्यांनी वाट पाहिली, तेही खरं आहे. ते मी तुझ्यापासून लपवत नाही, कारण लपवल्याने आपल्या घरात काय झालं ते तू पाहिलंस. पण मिठी न मारणं ही नऊ वर्षांच्या मुलीची एका दिवसाची गोष्ट आहे. त्याने कोणी मरत नाही.

अहो, मला याहून जास्त काही सांगता येत नाही. मन शांत झालं असं लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. जे आहे ते एवढंच. तुमच्या मागे बसलेलं एकही माणूस कधी पडलं नाही. मुग्धा आहे. अक्का वैजापूरला आहेत. शेजारची मुलं मोठी होऊन गावोगाव आहेत. अद्वैत आहे, आणि तुम्ही बसू दिलं नाहीत ती रेवाही आहे. त्या सकाळी मागची सीट रिकामी होती, म्हणून मी आहे.